माशीसुद्धा काढावी लागते

भोईर, तू म्हणालास, कार्टून?
साठी उलटली आपली, आणि कार्टून?
तुझा नातू बघतो तसलं,
मांजर आपटतं, चपटं होतं, उठून पळतं.

नाही रे.
यात जो पडतो तो उठत नाही.
पोरांना झोपवून बघायचा सिनेमा आहे हा,
जपानी, माझ्या लग्नाच्या साली निघालेला.
खाली इंग्रजीत ओळी येतात,
नाही वाचल्यास तरी अडत नाही.

गोष्ट थोडकी.
एका बाईचं गाव भरावात गेलंय.
खाडी बुजवून वर शहर उठलंय
आणि ही टेलिफोनच्या कचेरीत रात्रपाळी करते.
एका रात्री जुन्या नंबरावरून फोन येतो.
ज्या घरातून येतो ते घर
आता सतरा फूट मातीखाली.
एवढंच सांगतो. पुढचं तू बघ.

विचारशील, खरी माणसं घेऊन का नाही काढला?
रबाळ्याच्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं रेघा मारल्या.
ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन,
चुकलं की ब्लेडने खरवडायचं,
हलक्या हाताने, नाहीतर कागद जातो.
एका व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगला तीन दिवस.
म्हणून ठाऊक आहे:
कॅमेरा लावला की माशी फुकट येते.
उन्हाची तिरीप फुकट, मानेवरचा घाम फुकट,
मागून जाणारा सायकलवाला फुकट.
इथे फुकट काही नाही.
माशी हवी तर कुणीतरी माशी काढली पाहिजे,
उडायला हवी तर पुन्हा, पुन्हा,
पंख वर, पंख खाली, पंख वर.
कुणीतरी रात्री दोन वाजता, डोळे चोळत, ठरवलं
की या बाईच्या स्वयंपाकघरात माशी असणार.

आणि एक जागा आहे.
बाई फोन ठेवते आणि नुसती बसते.
अकरा सेकंद. घड्याळ लावून मोजलेत.
हुंदका नाही, उसासा नाही,
पापणी एकदाच.
आता तू सांग,
न रडणं कसं काढायचं?
व्हॉल्व्ह मला जमला. हे नसतं जमलं.
कंपनीने आमचे ड्रॉइंग बोर्ड भंगारात दिले,
टेम्पोत चढताना एकाचा पाय निखळला,
त्या दुपारी मी असाच बसलो होतो.
वाटलं होतं, कुणी पाहिलं नाही.
आणि कुण्या परक्या माणसाने
कितीतरी वर्षं आधी
ते काढून ठेवलेलं.

हां, मधली वीस मिनिटं रटाळ आहेत.
पोलिसाचं प्रकरण कापायला हवं होतं.
एक प्रसंग उघडा आहे,
सुनेसमोर लावू नकोस. माझ्याकडेच ये.

रविवारी आलास. डब्यात तळलेले बोंबील,
तोंडावर बळेच धरून आणल्यासारखा भाव.
पंख्याखाली बसलास. पहिली दहा मिनिटं
मोबाइल चाळलास, मग तो उपडा ठेवलास.
फोनच्या जागी काही बोलला नाहीस.
उघड्या प्रसंगात खाकरलास.
पोलिसाच्या वेळी मी झोपलो, तू नाही.

शेवटी ती भरतीच्या कडेला येते,
जिथे भराव संपतो तिथे,
चपला काढते, पाय आत घालते.
तू म्हणालास, मागारी घे.
घेतलं.
पुन्हा पाय. बोटांच्या फटींतून
काळा गाळ वर येतो, आधी अंगठ्याशी,
मग बाकीच्यांतून, सावकाश.
पुन्हा घे.
घेतलं.
‘चिखोल बराबर कारलाय त्यानं,’
एवढंच म्हणालास.

नावं वर सरकत होती, आपल्याला न वाचता येणारी,
एकेक माशी काढणाऱ्यांची.
तू उठून खिडकीशी गेलास.
खाली पार्किंग, सोसायटीची पाण्याची टाकी,
सिडकोने घेतलं तेव्हा तुमचं खाजण
इथेच कुठेतरी होतं, मला माहीत आहे,
तू कधी सांगितलं नाहीस.
चप्पल काढून ठेवलेल्या पायाने,
टाचेने, माझ्या फरशीवर
दोनदा ठोकलंस.
थांबलास जरा.

मग म्हणालास, बोंबील गार झाले.